चारबोटी पंजा

त्या विमानतळावरून कधी कुणी कुठल्या गावाला गेलं नाही. जे गेले ते वरच गेले, असं वस्तीतले लोक म्हणायचे आणि हसायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. युद्धाच्या धामधुमीत घाईघाईनं उभारलेला तो प्रशिक्षणाचा तळ. मिसरूडही न फुटलेली पोरं तिथं आणायची, पिवळ्या विमानांत बसवून घिरट्या घालायला शिकवायची आणि खऱ्या लढाईवर धाडून द्यायची. त्यातली कितीतरी लढाईपर्यंत पोचलीच नाहीत. शत्रूची एक गोळी त्या जागेवर कधी सुटली नाही, तरी तिथं माणसं मरत राहिली, नुसती शिकता शिकता.

युद्ध संपलं आणि तळ बघता बघता ओस पडला. बराकींमध्ये आधी शाळा भरली, मग कोंबड्या आल्या. आवाजात फारसा फरक पडला नाही, असं त्या शाळेत शिकलेलेच सांगतात. टॉवरच्या खिडक्या पहिल्याच वर्षी गायब झाल्या. वस्तीतल्या निम्म्या घरांना त्या चपखल बसल्या, पण त्या कुणी नेल्या हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. धावपट्टीवर सगळी वस्ती सायकल शिकली. तिचं पलीकडचं टोक तेवढं लष्करानं तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं, जुना दारूगोळा आहे म्हणून. तिकडं झुडपं माजली, माती चढली, कुणी फिरकलं नाही.

आणि आता ती धावपट्टी फोडून तिची खडी करायचं ठरलं होतं. नवा हमरस्ता निघाला होता, त्याच्या पोटात घालायला फुकटातलं काँक्रीट हवं होतं. कुंपणही निघालं. फोडणारा वस्तीतलाच होता. पोकलेनला ब्रेकर लावून दिवसभर ठोकायचं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणायचे. बायकोसुद्धा रागावली की ठोक्याच म्हणायची.

काम मिळालं त्या दिवशी आईनं त्याला ताटावर बसू दिलं नाही.

"आधी कबूल कर," ती म्हणाली. "आपला पंजा तेवढा शाबूत काढून आणशील."

"आणतो की. मी काय परका आहे?"

"मशीनवर बसलास की तू कुणाचाच नसतोस. शब्द दे."

त्यानं शब्द दिला, मग जेवायला मिळालं.

पंजाची गोष्ट अशी. धावपट्टी बांधणाऱ्या टोळ्यांची एक रीत होती. स्लॅब ओतून, थापीनं घोटून झाला की ज्यानं ज्यानं त्यावर हात चालवला त्यानं कडेच्या कोपऱ्यात, ओल्या काँक्रीटवर, आपला उजवा पंजा उमटवायचा. संध्याकाळी कारकून फेरी मारायचा आणि पंजे बघून शिधा द्यायचा. सही कुणाला येत नव्हती आणि माणसांची नावं लक्षात ठेवायला कारकुनाला वेळ नव्हता. पंजा दिसला की शिधा, नाही दिसला तर हात हलवत घरी जा. कुणाच्या मागं खाणारी तोंडं किती, तेही तो वहीत पंजाच्या खुणेपुढंच मांडून ठेवायचा. ठोक्याच्या वडिलांचं मधलं बोट मिक्सरनं पहिल्याच आठवड्यात खाल्लं होतं, त्यामुळे त्यांचा पंजा आंधळ्यानंही ओळखावा. चारबोट्या हेच त्यांचं नाव पडलं. चारबोटी पंजा म्हणजे नवरा, बायको आणि तान्हं पोर, असा तिघांचा शिधा. ते तान्हं पोर म्हणजे ठोक्या.

मग एका संध्याकाळी, कारकुनाच्या फेरीच्या वेळी, एक शिकाऊ पोर विमान उतरवत होतं. धावपट्टी आखूड पडते ही ओरड पहिल्यापासून होती, पण साहेब लोकांना ती ऐकायला सवड झाली नव्हती. विमान थांबलंच नाही. टोकाशी काम करणाऱ्या टोळीत घुसलं आणि पेटलं. तो पोरगा गेला, मुकादम गेला, पंजे बघणारा कारकून गेला, टोळीतले बहुतेक सगळे गेले. लष्करानं दोर लावले, बायकांना मागं रेटलं, जे उरलं ते लॉरीत भरून नेलं आणि कुठंतरी एकत्र पुरून टाकलं. कुणाला तोंड दाखवलं नाही. दाखवायला तोंडं राहिली नव्हती म्हणा. मग साहेब लोकांना जाग आली आणि धावपट्टी पुढं वाढवायचं काम निघालं. पुढं वाढवलेलं ते टोक म्हणजेच नंतर कुंपणाआड गेलेला भाग.

त्या टोळीतला एकच माणूस वाचला, कारण तो पाणी आणायला गेला होता. चारबोट्याचा जोडीदार. दोघं एकाच स्लॅबवर काम करायचे, दोघांचे पंजे शेजारी शेजारी असायचे. ठोक्या त्याला काका म्हणायचा. अपघातानंतर काका रोज संध्याकाळी झोपडीच्या दारात पिठाची पिशवी ठेवून जायचा. "साहेबांनी मंजूर केलंय वहिनी," एवढंच बोलायचा. आईनं तो साहेब कधी पाहिला नाही, पण त्याला तिनं उभ्या जन्मात कुणाला दिले नसतील इतके आशीर्वाद दिले. धावपट्टीचं काम संपलं तशी पिशवी बंद झाली. साहेबाची बदली झाली असेल असं तिनं धरलं.

पुढं ती मृत्यूचा दाखला मागायला कचेरीत गेली तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, तुमचा नवरा मेला कुठं? काम संपेपर्यंत रोज हजर होता. नंतर गेला असेल निघून."

झालं. खिडकीतून निघालेलं ते वाक्य तिच्या आधी वस्तीत पोचलं. चारबोट्या मेला नाही, पळाला. प्रेत कुणी पाहिलंय? बायकोला कंटाळला असेल. दुसरी केली असेल. मागं राहिली ती ना धड विधवा, ना धड नवऱ्याची. आईनं त्याच बराकीतल्या शाळेत झाडलोट केली, कोंबड्या आल्यावर कोंबड्यांची घाण काढली, पोर वाढवलं, आणि जो कुणी विषय काढेल त्याला एकच उत्तर दिलं, "कचेरी चुकली." काका हे सगळं ऐकत असायचा. विषय निघाला की चहा अर्धा टाकून उठायचा. तोही काही वर्षांपूर्वी गेला, पोटात काय होतं ते पोटात ठेवून.

लहानपणी आई ठोक्याला धावपट्टीच्या त्या जुन्या टोकाशी घेऊन जायची. अपघाताच्या दिवशी सकाळी उमटवलेला वडिलांचा शेवटचा पंजा तिथं होता. शेजारच्या काकाच्या रुंद, वाकड्या अंगठ्याच्या पंजापुढं तो अरुंद, लांबट दिसायचा. मधल्या बोटाच्या जागी खुंटाचा नुसता वाटाण्याएवढा ठसा. आई त्याचा हात धरून त्यात ठेवायची. त्याचं एक बोट सपाट काँक्रीटवर पडायचं.

"तुझं एक बोट जास्तीचं आहे बघ," ती म्हणायची, आणि दोघंही हसायचे. तेवढाच काय तो त्याला बापाचा सहवास.

तर ठोक्यानं काम सुरू केलं ते दुसऱ्या टोकाकडून. धावपट्टी फुटत गेली, डंपर भरत गेले, क्रशर दिवसभर चावत राहिला. वडिलांचे आणखी पंजे वाटेत आले, झिजलेले, अर्धेमुर्धे. आईला शेवटचाच हवा होता, म्हणून बाकीच्यांवर त्यानं डोळे मिटून ब्रेकर चालवला. सरतेशेवटी तो स्लॅब तेवढा उरला. आजूबाजूचं सगळं उखडलेलं, आणि मधे तो एकटा ओट्यासारखा उभा.

"काय रे, देव बसवणार आहेस का यावर?" सुपरवायझरनं विचारलं.

"आईला कोपरा कापून न्यायचाय. उद्या कटर मिळाला की काढतो."

"काढ बाबा. पण उद्याच. मला पुढं सरकायचंय."

त्या दिवशी बुलडोझरनं पलीकडच्या टोकावरची झुडपं आणि माती ओढून काढली होती. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन ठोक्या हात धुवायला टँकरकडे गेला आणि तसाच पुढं त्या नव्यानं उघड्या पडलेल्या स्लॅबवर गेला. कामाच्या माणसाची नजर, कडेला गेली. कोपऱ्यात काकाचा पंजा होता, रुंद, अंगठा वाकडा. आणि शेजारी चारबोटी पंजा.

त्याला आधी बरं वाटलं. अरे वा, बाबा इथंही! आणि मग ते 'इथंही' त्याच्या डोक्यात शिरलं. हे टोक अपघातानंतरचं. बाप जळून गेल्यानंतरचं. तो पुढच्या स्लॅबवर गेला. तिथंही काका आणि चारबोटी. त्याच्या पुढच्यावरही. जिथं माती निघाली होती तिथं तिथं, थेट शेवटापर्यंत, दोघं शेजारी शेजारी.

म्हणजे कचेरी चुकली नव्हती. बाप मेला नव्हता. रोज इथं येत होता, काम करत होता, पंजा उमटवत होता, आणि चार पावलांवरच्या झोपडीत बायकोपोराकडे मात्र फिरकला नव्हता. काम संपल्यावर गेला निघून. आणि काकाला हे सगळं ठाऊक होतं! म्हणूनच चहा टाकून उठायचा. सगळी वस्ती खरं बोलत होती आणि त्याची आई एकटी, जन्मभर, कोंबड्यांची घाण काढत, एका पळपुट्याची बाजू घेत राहिली होती. शाळेत पोरांनी पळपुट्याचा म्हणून चिडवलं तेव्हा त्यानं एकाचे दात पाडले होते. ते दात आता त्याच्याच छातीत रुतल्यासारखे झाले.

तो मशीनवर चढला. पोकलेन वळवली, ओट्यासारख्या उभ्या असलेल्या त्या स्लॅबपाशी आणली आणि ब्रेकरचं टोक बरोब्बर पंजावर टेकवलं. काँक्रीट जुनं आणि कडक होतं, पण पहिल्या काही ठोक्यांतच कोपरा तडकला. तो थांबला नाही. तुकड्यांचे तुकडे केले, त्यांचा चुरा केला. सुपरवायझर लांबून हातवारे करत ओरडला, "अरे, आईला न्यायचं होतं ना?" मशीनच्या आवाजात ते ऐकू न आल्याचं त्यानं दाखवलं. संध्याकाळच्या आत सगळं क्रशरच्या ढिगाऱ्यात जाऊन पडलं.

घरी आला तर आईनं दाराजवळची जागा झाडून ठेवली होती. पंजा तिथं बसवायचा असं तिच्या मनात होतं. ठोक्याची बायको म्हणाली, "सकाळपासून तीन वेळा झाडून झालंय. आता त्या जमिनीला भोक पडायचं."

ठोक्या उभ्या उभ्याच बोलला. मनात होतं हळूहळू सांगावं, पण तोंडातून धोंडेच पडले. "कसला पंजा न् काय. तुझा नवरा मेलाच नव्हता. पलीकडच्या टोकाला त्याचे पंजे आहेत, शेवटपर्यंत. अपघातानंतरचे. लोक म्हणत होते तेच खरं. तो पळाला, आई. आपल्याला टाकून पळाला."

बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "अहो, काय बोलताय तुम्ही? जरा बघून तरी बोला."

"डोळ्यांनी बघून आलोय. काकाच्या शेजारी, जोडीनं."

आई खाली बसली. झाडलेल्या जागेवर तिनं हात टेकला. ठोक्याला वाटलं रडेल, शिव्या देईल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"उद्या मला ने तिकडं," ती म्हणाली.

"कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

"माझा नवरा पळाला म्हणतोस ना? मग मला बघू दे कुठून पळाला ते."

जेवायला कुणी बसलं नाही.

सकाळी तो तिला मागच्या रस्त्यानं घेऊन गेला, कुंपण होतं त्या बाजूनं. गुडघे धरत धरत ती चालत होती, पण हात देऊ केला तर झटकत होती. त्यानं तिला पहिल्या स्लॅबच्या कोपऱ्याशी नेलं. "हा बघ काकाचा. आणि हा."

आई पदरानं माती पुसत खाली बसली. फुंकर मारली. मग आपला हात त्या चारबोटी पंजात ठेवला आणि लगेच उचलला, चटका बसावा तसा. पुन्हा ठेवला. बोटानं मधे चाचपून बघितलं.

"इकडं ये," ती म्हणाली. आवाज वेगळाच होता. "इथं बोट घाल. काय लागतंय?"

मधल्या बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या वरच्या अंगाला, खोल खळगा होता. ठोक्यानं तो काल पाहिला होता. पंजा जोरानं दाबला असेल असं त्याला वाटलं होतं.

"खुंट कुठं आहे?" आई म्हणाली. "ह्यांच्या पंजात खुंटाचा ठसा असतो. इथं खड्डा आहे. आता तू तुझं मधलं बोट आत मुडप आणि मातीवर हात दाब."

त्यानं दाबला. शेजारच्या मऊ मातीत चार बोटं उमटली आणि मधे, मुडपलेल्या बोटाचा खोल खळगा.

"आणि अंगठा बघ," आई म्हणाली. तिनं काकाच्या पंजावर हात ठेवला, मग चारबोटीवर. दोन्ही रुंद. दोन्हींचे अंगठे तसेच वाकडे. "ह्यांचा हात माझ्या हाताखाली झाकून जायचा. हा भाऊजींचा आहे. दोन्ही भाऊजींचेच आहेत. एकदा हात उघडा ठेवून, एकदा बोट मुडपून."

ठोक्यानं दोन्ही अंगठ्यांवरून बोट फिरवलं.

"कारकून मेला होता ना त्या दिवशी," ती म्हणाली. सगळं एकेक करून तिच्या तोंडून बाहेर पडत होतं. "नवा आला त्याला माणसं कुठं माहीत? त्याला वहीतले पंजे माहीत. चारबोटी पंजा दिसला की तीन माणसांचा शिधा. साहेब कुठला न् काय! साहेबानं काही मंजूर केलं नव्हतं. दोघांचं काम हा माणूस एकटा ओढत होता आणि आपल्या दारात पीठ ठेवत होता. त्या पिठावर तू जगलास रे. माझ्या अंगावर तेव्हा दूधसुद्धा नव्हतं."

"मग बोलला का नाही तो?" ठोक्या ओरडलाच. "लोक एवढं बोलत होते. एक शब्द बोलला असता तर!"

"आधी बोलला असता तर शिधा बंद झाला असता, आणि त्यालाही धरलं असतं. नंतर बोलायचं तर कुठल्या तोंडानं? त्याच्याच हातानं ह्यांना कागदावर जिवंत ठेवलं होतं." तिनं डोळे पुसले. "मला राग येतोय त्याचा. खूप येतोय. आणि पायही धरावेसे वाटतायत. आता दोन्हीला तो नाही."

मग ती हसली. ठोक्यानं तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तोंडभर, पोरीसारखी. मागं गेलेला सगळा काळ तिच्या चेहऱ्यावरून उतरल्यासारखा झाला.

"कचेरीच चुकली होती," ती म्हणाली. "मी सांगत नव्हते? सगळ्यांना सांगत नव्हते? माझा माणूस पळणारा नव्हता. तो तिथंच गेला, कामावर गेला. आता आणते एकेकाला इथं आणि घालायला लावते बोट त्या खड्ड्यात." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. या वेळी तिनं ठोक्याचा हात धरला. "हा कोपराही काप. भाऊजींचा. दाराच्या एका अंगाला हा बसवू आणि एका अंगाला ह्यांचा. हा खोटा आणि तो खरा, दोन्ही शेजारी असले की कुणीही पाहील, आंधळासुद्धा. चल, आधी ह्यांचा काढू. कटर आणलास का?"

ठोक्या जागचा हलला नाही.

"अरे चल की. कुठं आहे तो स्लॅब? इथूनच दिसायला हवा ना?" तिनं हाताची सावली करून उखडलेल्या पट्टीकडे बघितलं. तिकडं सगळं सपाट होतं.

त्याला वाटलं खोटं बोलावं, चोरीला गेला म्हणावं, डंपरवाल्यानं चुकून उचलला म्हणावं. पण तिचा हात त्याच्या हातात होता आणि तो हात खोटं ओळखत होता, हे त्यानं आत्ताच पाहिलं होतं.

"आई, मी फोडला. काल. हे बघितलं आणि डोकं फिरलं माझं."

तिला आधी कळलंच नाही. "फोडलास म्हणजे? कोपरा तडकला का?"

"चुरा केला."

तिनं हात सोडवून घेतला. "कुठं आहे?"

त्यानं क्रशरकडे बोट दाखवलं. तिथं खडीचा ढीग होता, दुमजली घराएवढा, आणि त्याच्या पायथ्याशी डंपर तोंड उघडून उभा होता. सुपरवायझरनं ठोक्याला बघून घड्याळावर बोट आपटलं.

आई चालायला लागली. मधे उखडलेले दगड होते, सळ्या होत्या, ती कुठं थांबली नाही. ढिगाऱ्याशी पोचल्यावर खाली बसली, एक तुकडा उचलला, पालथा करून बघितला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा उचलला.

ठोक्या धावत गेला, डंपरच्या समोर उभा राहिला आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. मग तो आईपाशी आला. "आई, यात नाही सापडायचं. ऊठ."

तिनं मान वर केली नाही. "तू फोडलास ना?" ती म्हणाली. "मग तू त्या बाजूनं बघ."

तो त्या बाजूला जाऊन बसला.